कॉलनीच्या गच्चीवरून दीर्घिकेचा फोटो: अडते कुठे आणि निघतो कसा

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतातील ते पहिले डार्क स्काय पार्क ठरले, आणि जंगलाप्रमाणेच रात्रीचा अंधारही राखावा लागतो, ही गोष्ट त्या बातमीमुळे अनेकांपर्यंत पोहोचली. खानदेशातील हौशी आकाशनिरीक्षकाचा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. त्याचे घर जळगावच्या पिंप्राळ्यात, धुळ्याच्या देवपुरात किंवा भुसावळच्या एखाद्या नव्या कॉलनीत असते. घरावर गच्ची आहे, हाताशी कॅमेरा आहे, पण पेंचला वारंवार जाणे शक्य नाही. शहरातून टिपलेले दीर्घिकांचे सुरेख फोटो त्याला मोबाइलवर दिसतात, आणि स्वतः प्रयत्न केला तर नारिंगी-करडे आकाश आणि चार तारे एवढेच उमटतात. ते फोटो खरे असतात का? असतील, तर आपल्याला ते का जमत नाहीत? या प्रश्नांचे उत्तर दुर्बिणीच्या किमतीत शोधले जाते, आणि माझ्या मते तिथेच वाट चुकते. हे काम मुख्यतः वेळेचे आहे: किती वेळ प्रकाश साठवला, आणि वर्षातील व रात्रीतील कोणता वेळ त्यासाठी निवडला.

दीर्घिका लहान नसते, फिकी असते

दीर्घिका म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले अब्जावधी तारे, वायू आणि धूळ. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. शेजारची मोठी दीर्घिका देवयानी तारकासमूहात आहे. खगोलप्रेमी तिला एम ३१ या क्रमांकाने ओळखतात. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे.

इतक्या दूरची वस्तू आकाशात टिंबाएवढी दिसत असेल आणि ती पाहायला प्रचंड मोठेपणा देणारी दुर्बीण लागत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात देवयानी दीर्घिकेचा आकाशातील विस्तार सुमारे ३ अंश आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र एका ओळीत मांडावेत इतका. सप्तर्षीच्या शेपटीतील शेवटचा तारा मरीची याच्याजवळ असलेली एम ५१ ही भोवऱ्याच्या आकाराची दीर्घिका बरीच दूर आहे, तरीही आकाशात ती गुरू ग्रहाच्या बिंबापेक्षा दहापटींहून मोठी आहे. गुरू साध्या डोळ्यांनी ठळक दिसतो आणि एम ५१ दिसत नाही, कारण गुरूचा प्रकाश एका लहानशा बिंबात एकवटलेला असतो आणि दीर्घिकेचा प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असतो. पुस्तकात देवयानी दीर्घिकेची प्रत (तेजस्वितेचे माप) ३.४ दिलेली असते, म्हणजे तिचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर ती सहज दिसणाऱ्या ताऱ्याएवढी तेजस्वी ठरेल. पण तो प्रकाश एका बिंदूत नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसतो तो फक्त तिचा गाभा, आणि गाभ्याभोवती वळसे घेत गेलेल्या भुजांचे बाहेरचे पट्टे लपून राहतात.

फोटोसाठी महत्त्वाचा असतो तो आकाशाच्या ठरावीक लहान तुकड्यावर पडणारा प्रकाश. त्याला पृष्ठीय तेजस्विता म्हणतात. दीर्घिकेच्या बाहेरील भागाची पृष्ठीय तेजस्विता इतकी कमी असते की निर्मळ, अंधाऱ्या आकाशाचा स्वतःचा मंद उजेडदेखील बहुधा तिच्या बरोबरीचा किंवा तिच्याहून अधिक भरतो.

शहरावरचे आकाश काळे नसते

रस्त्यावरच्या, दुकानांच्या आणि घरांच्या दिव्यांचा बराचसा प्रकाश वर जातो, हवेतील रेणूंवर आणि धुळीच्या कणांवर आदळतो आणि त्याचा काही भाग परत खाली येतो. त्यामुळे आकाशाला एक कायमची चकाकी येते. उत्तम अंधाऱ्या ठिकाणी आकाशाची पृष्ठीय तेजस्विता दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सुमारे २२ प्रत असते. शहराच्या कडेच्या वसाहतीत ती १९ च्या आसपास असते. प्रतीचे माप उलटे चालते: आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त, आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट. त्या हिशेबाने ३ प्रतींचा फरक जवळजवळ १६ पट होतो. पेंचसारख्या ठिकाणापेक्षा आपल्या कॉलनीवरचे आकाश १६ पट उजळ आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे, कारण हाच १६ पुढे पुन्हा येणार आहे. अमेरिकी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या अंधाराचे नऊ वर्ग पाडले. हौशी लोकांच्या बोलण्यात येणारा 'बॉर्टल ६' किंवा 'बॉर्टल ७' हा शब्दप्रयोग त्यावरून आला आहे.

चंद्रही हेच काम करतो, आणि पौर्णिमेच्या आसपास तर भरपूर करतो. दीर्घिकांसाठी अमावास्येच्या आगेमागचे दिवसच धरावेत.

तो उजेड वजा का करता येत नाही?

आकाशाचा उजेड सगळीकडे सारखाच असेल तर संगणकावर तो वजा करून टाकावा आणि उरेल ती दीर्घिका, असे कोणीही विचारील. शंका रास्त आहे, आणि या विषयाचा गाभा तिच्या उत्तरातच आहे.

रावेर-यावल भागातून केळी भरून निघालेला ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो, तेव्हा भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून मालाचे वजन काढतात. आता असे समजा की गाडीत केळीची एकच फणी आहे. रिकाम्या गाडीचे वजन नेमके ठाऊक असेल तर त्या फणीचेही वजन काढता येईल. पण रिकाम्या गाडीचे वजन दर वेळी दहा-वीस किलोंनी कमीजास्त दाखवले जात असेल, तर फणी त्या चढउतारात हरवून जाईल. गाडी जड आहे ही अडचण नाही, तिचे वजन स्थिर नाही ही अडचण आहे. शहरी आकाशाचा उजेड म्हणजे ती गाडी आणि दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ती फणी.

आकाशाच्या उजेडाचे माप स्थिर राहत नाही, कारण प्रकाश कणाकणांनी येतो आणि हे कण ठरावीक लयीत येत नाहीत. एखाद्या बिंदूवर सरासरी १०,००० कण पडत असतील, तर प्रत्येक फोटोत तो आकडा साधारण १०० ने वर-खाली होतो. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो, आणि छायाचित्रकार त्याला नॉइज म्हणतात. त्याच बिंदूवर दीर्घिकेच्या भुजेने ५० कणांची भर घातली, तर ती १०० च्या चढउतारात दिसणार नाही. असे १६ फोटो एकत्र केले की दीर्घिकेचे कण ८०० होतात. आकाशाचे कण १,६०,००० होतात, पण त्यांचा चढउतार फक्त ४०० होतो. आता दीर्घिका नॉइजच्या दुप्पट झाली आणि दिसू लागली. ६४ फोटो घेतले, तर दीर्घिकेचे कण ३,२०० आणि चढउतार ८००, म्हणजे चौपट.

अंधाऱ्या ठिकाणी आकाशाचा उजेड १६ पट कमी असल्यामुळे तिथे बिंदूवर फक्त ६२५ कण येतील आणि त्यांचा चढउतार २५ असेल. दीर्घिकेचे तेच ५० कण तिथे पहिल्याच फोटोत नॉइजच्या दुप्पट असतील. जे काम पेंचमध्ये एका तासात होते, त्याला कॉलनीत १६ तास लागतात, असा हा सरळ हिशेब आहे. शहरातून काढलेले चांगले फोटो खोटे नसतात. त्यांच्यामागे अनेक रात्रींचे तास असतात.

अनेक फोटो ताऱ्यांच्या जागा जुळवून एकावर एक रचण्याच्या या क्रियेला स्टॅकिंग म्हणतात. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही संगणकप्रणाली ते काम विनामूल्य करतात. शहरी आकाशाची एक सवलत इथे सांगण्यासारखी आहे. आकाश इतके उजळ असते की कॅमेऱ्याचा स्वतःचा वाचनदोष (सेन्सरवरचा प्रकाश मोजताना कॅमेऱ्याकडून होणारी चूक) अर्ध्या-एका मिनिटाच्या फोटोतही त्याच्यापुढे नगण्य होतो, त्यामुळे पाच-पाच मिनिटांच्या दीर्घ एक्स्पोजरची, म्हणजे एका फोटोसाठी इतका वेळ प्रकाश घेण्याची, गरज उरत नाही. लहान एक्स्पोजर भरपूर घ्यावेत. एखादा फोटो वाऱ्याने हलला, तर तेवढाच टाकून देता येतो.

मोठी दुर्बीण घेतली तर?

दुर्बिणीचा व्यास दुप्पट केला की चौपट प्रकाश गोळा होतो, पण आकाशाचा उजेडही चौपटच गोळा होतो. दोहोंचे प्रमाण बदलत नाही. मोठ्या व्यासाने लागणारा वेळ वाचतो आणि बारीक तपशील उमटतात, हे खरे आहे. मात्र मोठी दुर्बीण पेलणारे भक्कम माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा आधार) दुर्बिणीपेक्षाही महाग पडते आणि गच्चीवर वारा तिला जास्त हलवतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने साधा डीएसएलआर कॅमेरा, १३५ ते २०० मिलिमीटरची लेन्स आणि आकाशाबरोबर फिरणारे छोटे ट्रॅकर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फोटो आपोआप घेऊन आपोआप रचणाऱ्या लहान स्मार्ट दुर्बिणी अलीकडे मिळतात. त्यांनाही वर मांडलेल्या हिशेबातून सूट नाही, पण सुरुवातीची खटपट त्या पुष्कळ वाचवतात.

फिल्टरने काम भागत नाही का?

पूर्वी भागत असे, काही प्रमाणात. रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते आणि त्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यात एकवटलेला असे. फिल्टर तेवढाच पट्टा अडवत असे. २०१५ मध्ये देशव्यापी पथदिवे कार्यक्रम सुरू झाला, गावोगावी पांढरे एलईडी आले आणि वीज वाचली. पण पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सगळ्या रंगांत पसरलेला असतो. त्यातला निळा भाग हवेच्या रेणूंवर जास्त विखुरतो: ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ५९० नॅनोमीटरच्या पिवळ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट.

दीर्घिकेचा प्रकाशही असाच आहे. तो ताऱ्यांचा एकत्रित प्रकाश असल्यामुळे सगळ्या रंगांत पसरलेला असतो. दिव्यांचा प्रकाश अडवायला जावे, तर दीर्घिकेचाही अडतो. तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातील वायूच्या चमकत्या ढगांचे, तसे नाही. त्यांचा प्रकाश हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरसारख्या मोजक्या रेषांत असतो, म्हणून अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावून भर शहरातूनही त्यांचे उत्तम फोटो निघतात. 'शहरातून फोटो काढण्याचा फिल्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर दीर्घिकांसाठी पैसे घालण्यापूर्वी हा फरक जरूर ध्यानात घ्यावा.

ध्रुव तारा इतका खाली का असतो

पृथ्वी फिरते म्हणून तारे दर सेकंदाला १५ विकलांपर्यंत सरकतात. ट्रायपॉडवर ठेवलेल्या २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये दोन-अडीच सेकंदांतच त्यांच्या रेघा दिसू लागतात. त्यावर उपाय म्हणून इक्वेटोरियल माउंट किंवा ट्रॅकर वापरतात, आणि त्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो. ध्रुव ताऱ्याची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते. खानदेशात ती जेमतेम २१ अंश भरते. युरोप-अमेरिकेत तो आकाशात चांगला उंच असतो, म्हणून तिकडच्या व्हिडिओंत हे काम दोन मिनिटांचे वाटते. आपल्याकडे तो शेजारच्या घराच्या पाण्याच्या टाकीमागे नाहीतर क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात असतो. गच्चीची उत्तर बाजू मोकळी नसेल, तर दुसऱ्या भागातील तारे ओळखून अक्षाची चूक सांगणारी संगणकीय पद्धत वापरावी. तिला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात आणि ध्रुव दिसला नाही तरी तिचे काही अडत नाही.

खानदेशचा उन्हाळा आणि दीर्घिकांचा हंगाम

जगभरचे हौशी छायाचित्रकार मार्च ते मे या काळाला दीर्घिकांचा हंगाम म्हणतात. या महिन्यांत रात्री आकाशगंगेचा पट्टा क्षितिजालगत असतो आणि आपण त्या पट्ट्याच्या वर, धूळमुक्त दिशेने बाहेर पाहत असतो. कन्या, सिंह आणि अरुंधती केश या समूहांतील दीर्घिकांची गर्दी तेव्हा डोक्यावर येते.

खानदेशात नेमका हाच काळ सर्वांत प्रतिकूल असतो. दिवसा ४२ ते ४५ अंशांपर्यंत तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्र उलटेपर्यंत उष्णता सोडत राहतो, तिच्यामुळे हवा थरथरते आणि तारे फुगून उमटतात. शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर आणि कोरड्या वाऱ्याने उठलेली धूळ यांच्यामुळे शहराचा उजेड आणखी विखुरतो. शिवाय कॅमेऱ्याचे सेन्सरही तापते. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये विद्युतभार साचत असतो आणि तापमान ६ ते ७ अंशांनी वाढले की तो साधारण दुप्पट होतो. डिसेंबरातील १२ अंशांची रात्र आणि एप्रिलमधील ३० अंशांची रात्र यांत या हिशेबाने सहा-आठ पटींचा फरक पडतो. थंड करण्याची सोय असलेले कॅमेरे यासाठीच असतात, पण ते महाग आहेत.

यावर बिनखर्चाचा एक उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. एप्रिलमध्ये मध्यरात्री डोक्यावर येणारे आकाश फेब्रुवारीच्या मध्याला पहाटे साडेतीनच्या सुमारास, आणि जानेवारीच्या मध्याला पहाटे पाचनंतर त्याच जागी असते. तेव्हा सेन्सर आपोआप थंड असते, स्लॅब निवलेला असतो, दुकानांचे आणि लग्नमंडपांचे दिवे विझलेले असतात आणि वाहनांची वर्दळ नसते. दीर्घिका तीच, दुर्बीण तीच, फक्त गजर लावून उठावे लागते. हिवाळ्याच्या पहाटे, विशेषतः ओलिताच्या केळीच्या मळ्यांजवळ, लेन्सवर दव धरते. लेन्सभोवती गुंडाळायची ऊबदार पट्टी मिळते, ती वापरावी.

उन्हाळ्यातच बसायचे असेल, तर संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडण्याची आपली सवय इथे उपयोगी पडते, मात्र विजेच्या तारा पसरण्याआधी फरशी पूर्ण वाळू द्यावी. घराला अंगण असेल, तर गच्चीपेक्षा अंगणातली मातीची जमीन बरी. ती लवकर निवते आणि माणसाच्या चालण्याने हादरत नाही.

सुरुवात कोणत्या दीर्घिकेपासून करावी?

खानदेशच्या अक्षांशाचा एक मोठा लाभ आहे. कन्या समूहातील दीर्घिकांचा पुंज इथे ८० अंशांहून उंच येतो. डोक्यावरचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो, तर ३० अंशांवर हा थर दुप्पट जाड होतो. शहराच्या दिव्यांचा उजेडही क्षितिजाकडे दाट आणि डोक्यावर सर्वांत विरळ असतो. म्हणून वस्तू मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडत असताना, त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास धरावेत.

पहिला फोटो नोव्हेंबर-डिसेंबरातील देवयानी दीर्घिकेचा घ्यावा. पाऊस संपल्यावर हवा धुतलेली असते, ही दीर्घिका ७० अंशांपर्यंत चढते आणि तिचा गाभा पहिल्याच रात्री उमटतो, त्यामुळे उत्साह टिकतो. नंतर सप्तर्षीजवळच्या एम ८१ आणि एम ८२ या जोडीकडे वळावे. त्या देवयानीपेक्षा आकाराने लहान आहेत, पण त्यांची पृष्ठीय तेजस्विता चांगली आहे. कन्या समूहाच्या कडेची एम १०४ ही दीर्घिकाही तशीच, गच्च गाभ्याची आहे. त्रिकोण समूहातील एम ३३ आणि सप्तर्षीजवळची एम १०१ या दोघींची प्रत पाहून मात्र फसू नये. दोघींचा प्रकाश फार पसरलेला आहे आणि कॉलनीतून त्या शेवटी घ्यायच्या.

संगणकावर इतके केल्यावर फोटो खरा कसा म्हणायचा?

रचलेल्या फोटोत दीर्घिकेचा प्रकाश सर्वांत गडद छटांच्या एका अरुंद पट्टीत दडलेला असतो. ती पट्टी ताणून डोळ्याला दिसेल अशी करावी लागते. दिव्यांमुळे एका बाजूला चढलेला उजेड काढावा लागतो. लेन्सवरच्या धुळीचे डाग आणि कडांचा काळोख घालवण्यासाठी समान उजळ पडद्याचे वेगळे फोटो घेऊन त्यांनी मूळ फोटोला भागावे लागते, आणि शहरी आकाशात ही पायरी गाळली तर पुढचे काहीच सुधारत नाही. या सर्व क्रिया संपूर्ण चित्रावर एकाच नियमाने होतात. नसलेली भुजा रंगवणे किंवा दुसऱ्याच्या फोटोतला तपशील आणून बसवणे ही फसवणूक आहे. यांतली सीमा पुरेशी स्पष्ट आहे, आणि आपण काय केले ते फोटोखाली लिहिण्याची जुनी प्रथा पाळावी.

हबलचे फोटो असताना हा खटाटोप कशासाठी?

हबल या अवकाशातील दुर्बिणीचे दृश्यक्षेत्र अगदी लहान आहे आणि त्याचा प्रत्येक मिनिट आधीच वाटून दिलेला असतो. हौशी माणूस तीच दीर्घिका रात्रीमागून रात्र पाहू शकतो. जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी १९ मे २०२३ रोजी एम १०१ मध्ये स्फोट पावलेला तारा शोधला. त्याआधीच्या तासांत इतर हौशी लोकांनी सहज टिपलेल्या फोटोंतही तो सापडला आणि स्फोट नेमका केव्हा झाला, हे ठरवायला त्या फोटोंची मदत झाली. त्याच वर्षी मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी या हौशी मंडळींच्या पुढाकाराने देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक मोठी कमान सापडल्याचे प्रसिद्ध झाले. इतके फोटो निघालेल्या दीर्घिकेच्या बाजूची ही वस्तू तोवर कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण त्या अरुंद पट्ट्यात इतका दीर्घ वेळ त्या जागेकडे कोणी पाहिले नव्हते.

मग अंधाऱ्या जागी जाऊच नये का?

जरूर जावे. १६ चा तो आकडा गाडीच्या एका प्रवासात पुसला जातो. नंदुरबारचे तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, म्हणजे मैदानातील धुळीचा बराच थर खाली राहतो. रावेर तालुक्यातील पाल आणि चाळीसगावजवळचे पाटणादेवी इथेही शहरांचा उजेड कमी पोहोचतो. पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, आणि आकाश पाहायला जाणाऱ्याने तो संदर्भ मनात ठेवूनच तिथे जावे, असे मला मनापासून वाटते. जंगलाच्या हद्दीत रात्री थांबण्यासाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. देवयानी दीर्घिकेच्या फिक्या कडा अशा जागी एका रात्रीत घ्याव्यात आणि तेजस्वी गाभ्याचे तास घरून भरावेत, असे दोन्ही ठिकाणचे फोटो जोडताही येतात.

कॉलनीतही करण्यासारखे एक काम आहे. पेंचच्या परिसरात गावांतील दिवे विझवले नाहीत, त्यांचा प्रकाश खाली जमिनीवरच पडेल अशी योजना केली. आपल्या गल्लीतील दिवा रस्त्यापेक्षा समोरच्या गच्चीवर जास्त उजेड पाडत असेल, तर त्याला पत्र्याची टोपी बसवावी किंवा त्याचा कोन बदलावा, असा अर्ज नगरपालिकेकडे करता येतो. शेजाऱ्यांना विचारताना त्यांचा दिवा बंद करायला सांगू नये, त्याचे तोंड खाली वळवायला सांगावे. त्याने त्यांच्या अंगणात उजेड वाढतो, म्हणून बहुतेक जण ते ऐकतात.